जाडजूड काहीतरी आण

आमच्या घरात वाचनालयाचं कार्ड एकच, अण्णांच्या नावावरचं. अण्णा म्हणजे माझे आजोबा, महसूल खात्यातले निवृत्त कारकून. नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ सालचं, याचा त्यांना भारी अभिमान. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक मिशनऱ्यांनी नगरातच काढलं, पण १८४२ मध्ये. “म्हणजे वाचायची जागा आधी झाली, छापील मजकूर मागनं आला,” असं ते पाहुण्यांना ऐकवायचे. हिशेब फारसा खरा नव्हे. पाहुणे मान डोलवायचे.

पुस्तक बदलायला मी जायचो. तेव्हा वाचनालयांत वाचकाला सरसकट कपाटापर्यंत सोडत नसत. यादी चाळायची, चिठ्ठीवर चार-पाच नंबर लिहायचे आणि त्यातलं जे जाग्यावर असेल ते पदरात पडायचं. आजीची मागणी ठरलेली : “जाडजूड काहीतरी आण. दोन दुपारी पुरत नाही ते पुस्तक कसलं?”

तिला ‘मृत्युंजय’ हवं होतं. ते कधीच जाग्यावर नसे. एकदा काउंटरवरच्या काकांनी त्याऐवजी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ दिलं. दोन्ही पुस्तकं १९६७ सालची, दोन्ही महाभारतावरची. एक कादंबरी आणि एक चिकित्सा. आजीने आधी जाडी पाहूनच नाक मुरडलं. मग दोन दिवस ती कर्णावरून घरात भांडत होती. “बाईने त्याला उभा सोलून ठेवलाय,” म्हणायची. पण पुस्तक खाली ठेवत नव्हती. पुढे ‘मृत्युंजय’ मिळालं तेव्हा डोळे पुसत वाचलं आणि मधेच थांबून म्हणाली, “इथे ती बाई काय म्हणाली असती, ठाऊक आहे मला.” त्या काकांनी हे जाणूनबुजून केलं असेल, असं मला वाटत नाही. जाग्यावर होतं ते त्यांनी दिलं.

अण्णांना किल्ल्याचं वेड. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांना मुंबईत पकडून नगरच्या किल्ल्यात आणलं, पण ठिकाण सरकारने जाहीर केलं नव्हतं. अण्णा सांगायचे, “गावात कुजबुज पुष्कळ, पण खंदकाच्या अलीकडून दिसणार काय? तट तेवढा दिसायचा.” आत काय चाललं होतं ते त्यांना पुढे वाचनालयातूनच कळलं. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरात तिथेच लिहिलं. आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं लिहिली. ती टपालात टाकायची सोय नव्हती, तरी लिहिली. त्यांत चहाची आवड आहे, खोलीत घुसणाऱ्या चिमण्यांशी झालेलं युद्ध आहे. ती मूळ उर्दूत. अण्णांच्या कचेरीतल्या एका मुसलमान सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत त्यांना वाचून दाखवली. नेहरूंपेक्षा चिमण्याच अण्णांना जास्त पाठ होत्या, आणि खरं सांगायचं तर मलाही.

दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आलं. आमच्या हाती लागायला बराच काळ गेला, आणि तेही असंच, मागितलेलं दुसरं काही जाग्यावर नव्हतं म्हणून. पवारांचं गाव धामणगाव, अकोले तालुक्यातलं. अण्णांनी अकोल्यात नोकरी केलेली. कनिष्ठ वतनं रद्द करणारा १९५८ चा कायदा आला, तेव्हा महारवतनाचे कागद त्यांच्याही टेबलावरून गेले होते. जमिनीचा गट, आकार, वारस : सगळं त्यांच्या सुवाच्य अक्षरात.

पुस्तकातली भाषा अण्णांना पचेल का, अशी आजीला शंका होती. ते चार-पाच पानांवर थांबायचे, चष्मा काढायचे, पुन्हा लावायचे. मी विचारलं, “कसं आहे?” तर म्हणाले, “ही गावं मी दप्तरात पाहिली होती.” आणखी काही बोलले नाहीत. मुदत संपल्यावर मला ते पुस्तक परत न्यायला दिलं. बदलायला नव्हे, पुन्हा त्यांच्याच नावावर चढवून आणायला. आजी आतून म्हणाली, “आठवडा वाढवून घे. माझं राहिलंय अजून.”