मोसमकाठचा मतदारसंघ

विधानसभेचा निकाल लागला की आमच्यात पहिली मोजणी सुरू होते ती 'आपले किती आले' याची. २०२४ला १० आले, २०१९लाही १०च होते. २०११च्या जनगणनेप्रमाणे राज्यात मुस्लिम साडेअकरा टक्के. त्या हिशेबाने २८८ जागांत तेहतीसच्या आसपास यायला हवेत, असे कुणी तरी कागदावर मांडून दाखवतो. सगळे उसासा टाकतात आणि विषय तिथेच संपतो. संख्या कमी आहे ही खंत खरीच. पण जिथे 'आपला' माणूस हमखास निवडून येतो, तिथे त्याने काय केले, त्याला कुणी व कशासाठी निवडले, हा इतिहास आम्ही लिहीत नाही. आमच्याविषयी लिहिणारेही तो लिहीत नाहीत. 'मुस्लिमबहुल मतदारसंघ' एवढा शिक्का मारून ते पुढे जातात. म्हणून मालेगावकडे जरा थांबून पाहावेसे वाटते.

नाशिक जिल्ह्यातले हे गाव मोसम नदीच्या काठी वसलेले आहे. नारोशंकर राजेबहाद्दरांनी अठराव्या शतकात इथे भुईकोट बांधला. १८१८मध्ये तो इंग्रजांकडे गेला. १८५७च्या धामधुमीनंतर आणि पुढच्या दुष्काळांत उत्तरेतले मोमीन विणकर इथे येऊन राहिले. हातमागाचे पुढे यंत्रमाग झाले. या कारागिरांनी विणलेली रंगीत लुगडी मराठी बायका पिढ्यान्‌पिढ्या नेसत आल्या. विणणाऱ्याच्या घरात उर्दू आणि नेसणारीच्या घरात मराठी, असा हा कापडाचा संबंध होता. राजकारणाने तो कधी नीट ओळखला नाही. १९२१च्या एप्रिलमध्ये खिलाफत चळवळीच्या काळात इथे उद्रेक झाला, त्यात पोलीस अधिकारी मारला गेला आणि इथल्या माणसांना फाशी झाली. तेव्हापासून सरकारदप्तरी मालेगाव म्हणजे 'संवेदनशील'. हा शब्द आजही सुटलेला नाही.

या गावाने विधानसभेत कोणाला पाठवले? १९७२ साली काँग्रेसच्या आयेशा हकीम निवडून आल्या. मालेगाव म्हटले की ज्यांच्या डोळ्यांपुढे फक्त दाढी, टोपी आणि बुरखा येतो, त्यांना हे नाव ठाऊक नसते. आमच्यातल्याही अनेकांना ते ठाऊक नाही. पन्नास वर्षांपूर्वी यंत्रमागाच्या या गावाने एका मुस्लिम बाईला आमदार केले होते. पण १९७८ पासून २०२४ पर्यंतच्या एकाही निवडणुकीत ही जागा पुन्हा बाईकडे आली नाही.

१९७८ला निहाल अहमद आले ते १९९९पर्यंत राहिले. जनता पक्ष, मग जनता दल, अशी त्यांची समाजवादी वाट होती. शरद पवारांच्या पुलोद सरकारात ते मंत्री होते आणि १९८६-८७मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेते. आमच्या पिढीला 'साथी' हा शब्द आठवतो तो त्यांच्या नावासकट. मुस्लिमबहुल शहराचा हा नेता मुस्लिम लीगच्या नव्हे, समाजवाद्यांच्या झेंड्याखाली दोन दशके निवडून येत राहिला, ही साधी गोष्ट नाही. मागावर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार त्यांचा मतदार होता. विजेचा दर, सुताचा भाव, मजुरी ही त्याची भाषा होती. बाबरी मशीद पडल्यावर निषेध म्हणून त्यांनी दंडाला काळी फीत बांधली, ती पुढेही बांधत राहिले. पक्ष मात्र धर्माचा काढला नाही.

म्हणून त्यांची आरती करावी असे आम्हाला वाटत नाही. एकवीस वर्षे एकच माणूस निवडून येतो तेव्हा त्याच्यामागून कार्यकर्ते येतात, पण विचार येतोच असे नाही. राज्यात जनता दल विस्कटत गेले आणि मालेगावातला समाजवाद एका व्यक्तीच्या वजनावर उभा राहिला. १९९९ला काँग्रेसचे शेख रशीद यांनी त्यांना हरवले, २००४लाही जागा राखली. निहाल अहमद पुढे नव्या महापालिकेचे पहिले महापौर झाले, पण विधानसभेत परतले नाहीत. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी ते गेले.

८ सप्टेंबर २००६. शुक्रवार, त्यात शबे बरात. बडा कब्रस्तान परिसरात नमाजनंतर स्फोट झाले. तिसाहून अधिक माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. आणि या स्फोटांसाठी पकडले गेले तेही मुस्लिम तरुणच. पाच वर्षे तुरुंगात काढल्यावर २०११मध्ये बहुतेकांना जामीन मिळाला, एप्रिल २०१६मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. त्याआधी २९ सप्टेंबर २००८ला, रमजानमध्ये, भिक्कू चौकात पुन्हा स्फोट होऊन सहाजण मेले होते. त्या खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ला निर्दोष सुटले. म्हणजे मेलेल्यांची नावे पक्की आहेत, मारणाऱ्यांची नाहीत.

ज्या गावाने हे सोसले, त्या गावाला आमदाराकडून काय हवे असेल? विजेचा दर नंतरचा. आधी त्याला आपल्या बाजूने बोलणारा, आपल्या मयतीला उभा राहणारा माणूस हवा होता. मुफ्ती मोहम्मद इस्माईल यांचा उदय या काळात झाला. २००७च्या महापालिका निवडणुकीत त्यांचा 'तिसरा महाज' पुढे आला आणि २००९ला ते आमदार झाले, विनय कोरे यांच्या जनसुराज्य शक्तीच्या चिन्हावर. कोल्हापूरकडचा पक्ष आणि मालेगावचे मुफ्ती! पक्षाला इथे किती अर्थ उरला होता, हे त्यावरूनच कळते. २०१४ला शेख रशीद यांचे पुत्र आसिफ शेख काँग्रेसकडून जिंकले. २०१९ला मुफ्ती साहेब एमआयएमकडून सुमारे अडतीस हजारांच्या फरकाने परतले. २०२४ला आसिफ शेख यांनी स्वतःचा पक्ष काढला. 'इंडियन सेक्युलर लार्जेस्ट असेंब्ली ऑफ महाराष्ट्र' हे त्याचे लांबलचक नाव. आद्याक्षरे जोडली की 'इस्लाम'. मुफ्ती साहेबांना १,०९,६५३ मते पडली, आसिफ शेख यांना १,०९,४९१. फरक १६२चा, त्या निवडणुकीत राज्यातला सर्वांत कमी.

याच वर्षी जूनमध्ये काय झाले होते तेही पाहिले पाहिजे. धुळे लोकसभेत भाजपचे सुभाष भामरे उरलेल्या पाचही विधानसभा क्षेत्रांत पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना दोन लाखांच्या जवळपास मते दिली आणि त्या ३,८३१ मतांनी निवडून आल्या. त्यावर 'एकगठ्ठा मतदान' म्हणून किती आरडाओरडा झाला! मग पाच-साडेपाच महिन्यांत तो गठ्ठा कुठे गेला? तेच मतदार जवळजवळ अर्धे-अर्धे फुटले. कोणाला रोखायचे यावर त्यांचे एकमत होते, कोणाला आणायचे यावर नव्हते. याला गठ्ठा म्हणत नाहीत. भीती असली की माणसे जवळ सरकतात, भीती बाजूला झाली की आपापल्या मताची होतात. कोणत्याही समाजाचे असेच असते.

तरीही एक गोष्ट आम्हाला डाचते. २००८च्या पुनर्रचनेत महापालिकेचेच दोन भाग झाले. काही प्रभागांचा 'मालेगाव मध्य' झाला. उरलेले प्रभाग जुन्या दाभाडी मतदारसंघातल्या खेड्यांबरोबर 'मालेगाव बाह्य'मध्ये गेले. एका शहराला दोन आमदार मिळाले, पण मध्यच्या उमेदवाराला मराठी बोलणाऱ्या वस्तीत आणि बाह्यच्या उमेदवाराला उर्दू बोलणाऱ्या वस्तीत मत मागायला जाण्याची गरज जवळपास संपली. पाणी, रस्ता, वीज, रुग्णालय सगळे सामाईक; प्रतिनिधी मात्र नदीच्या अल्याड-पल्याडचे. मुस्लिम उमेदवार सुरक्षित झाला आणि त्याच वेळी एकाकीही झाला. याउलट बॅ. अंतुले श्रीवर्धनमधून निवडून येत आणि मुख्यमंत्रीपदापर्यंत पोचले. हसन मुश्रीफ १९९९ पासून कागलमधून निवडून येत आहेत. या दोन्ही ठिकाणी मुस्लिम बहुसंख्य नाहीत. त्यांच्या राजकारणाशी आमचे मतभेद असतील. पण शेजाऱ्याचे मत मागावे लागणे ही प्रतिनिधीची मोठी शाळा असते, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

'आपले किती आले' ही मोजणी आम्ही सोडणार नाही. त्यासोबत आणखी दोन प्रश्न विचारावेत एवढेच म्हणणे आहे. निवडून आलेला माणूस नदीपलीकडच्या किती घरांत ओळखला जातो? आणि आपल्यातल्या किती बाया निवडून आल्या? २०२४ला निहाल अहमदांच्या कन्या शान-ए-हिंद समाजवादी पक्षाकडून मालेगाव मध्यमध्ये उभ्या होत्या. चुरस दोघा पुरुषांतच झाली, त्या फार मागे राहिल्या. मतदानाच्या रांगेत बाया कमी नव्हत्या. आयेशा हकीम यांचे नाव त्या रांगेतल्या किती जणींना माहीत होते, कोण जाणे. ते नाव आमच्या मुलींना सांगण्याचे काम मात्र आमचे आहे.