चर्चगेटची पुष्पदेवता

वसईहून रोज चर्चगेटला उतरणाऱ्या आम्हां चाकरमान्यांपैकी किती जणांनी ते ‘गेट’ कुठे होते याचा शोध घेतला असेल? मुंबईच्या किल्ल्याची ही वेस सेंट थॉमस चर्चच्या रोखाने होती. चर्च १७१८ साली उघडलेले, आणि तेही आपले नव्हे, अँग्लिकनांचे! १८६०च्या दशकात तट पाडले गेले व वेशीच्या जागी कारंजे आले. आराखडा नॉर्मन शॉ यांचा, शिल्पकाम जेम्स फोर्साइथ यांचे, दगड इंग्लंडातील पोर्टलंडचा. शिरोभागी फ्लोरा, रोमनांची पुष्पदेवता. चर्चच्या वेशीवर मूर्तिपूजकांची देवी बसावी, हा इतिहासाचा मिस्किलपणाच. पहाटेच्या गाडीने दादरला चाफा-मोगरा नेणाऱ्या आमच्या आयाबहिणींना ती परकी वाटू नये.

परंतु आमची खंत वेगळी आहे. फ्लोराशेजारीच मशाल उंचावलेले शेतकरी व कामगार उभे आहेत. १९५५ मध्ये याच चौकात संयुक्त महाराष्ट्रासाठी लोकांनी गोळ्या झेलल्या. फादर स्टीफन्स यांच्या १६१६च्या ‘ख्रिस्तपुराणा’चा अभिमान सांगणारे, मराठीतून प्रार्थना करणारे आम्ही, त्या मशालीसमोरून घड्याळाकडे पाहत निघून जातो. ही मराठी आमचीही, तर ते हुतात्मेही आमचेच नव्हेत काय?

२०१९ साली डागडुजीनंतर कारंजे पुन्हा वाहू लागले, तेव्हा बरीच माणसे मुद्दाम पाहावयास गेली. स्थानकातून वीर नरीमन रस्त्याने सरळ चालत गेले की चौक येतो. फार तर दहा मिनिटे लागतात.