देवळालीचा ताप आणि बारा मतं

मंडळी, 'डूलॅली' हा इंग्रजी शब्द ऐकलाय का? डोकं फिरलेल्या माणसाबद्दल बोलताना विलायतेत अजून वापरतात. तो शब्द आपल्या देवळालीचा, बरं का! मूळ प्रयोग 'डूलॅली टॅप'. त्यातला टॅप म्हणजे आपला साधा ताप. देवळाली कॅम्पात नुसतं बसून बसून चढलेला.

हा ट्रान्झिट कॅम्प १८६१ चा. मुंबईत उतरलेल्या गोऱ्या सोल्जरांना इथे आणायचं, काही आठवडे इथल्या हवेची सवय करायची आणि पुढे रेजिमेंटकडे धाडायचं. १८६५ मध्ये कसारा घाटातून रेल्वे वर आली आणि मुंबईपासून सुमारे १८० किलोमीटरवरची ही जागा फारच सोयीची झाली. घाटावरची कोरडी हवा, मोकळं माळरान, बंदरापर्यंत थेट गाडी. आर्किटेक्चर म्हणून बघाल तर झकास निवड.

गोची होती परतीच्या प्रवासात. सैनिकांची जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटायची. मुदत संपलेला सोल्जर एप्रिलात देवळालीला पोचला की सात महिने बसा! फ्रँक रिचर्ड्स या जुन्या सोल्जरने १९३६ च्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या पुस्तकात त्या दिवसांबद्दल लिहिलंय. हातात शस्त्र नाही, कधीतरी एखादा रूट मार्च, बाकी वेळ खायला उठतो. वर्षानुवर्षं नेकीने नोकरी केलेले गडी इथे भानगडी करून तुरुंगात जायचे. घरी जायच्या तोंडावर!

आता आमच्या धंद्याकडे येतो. आर्किटेक्चर तपासायची 'एटॅम' नावाची एक पद्धत आहे. कार्नेगी मेलनच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाली (ही संस्थाही अमेरिकन संरक्षण खात्याच्या पैशावर १९८४ मध्ये उभी राहिली, म्हणजे लष्कराशी नातं आहेच). 'सिस्टीम फास्ट हवी' असलं मोघम बोलणं तिथे चालत नाही. कोणी, कुठल्या परिस्थितीत, काय केलं आणि किती वेळात काय व्हायला हवं, असा सिनारिओ लिहायचा. मग प्रत्येकाला दोन शेरे: महत्त्व किती आणि जमवायला अवघड किती. हाय, मिडियम, लो.

हा खेळ मी देवळालीवर खेळून बघितला. (तेव्हा असलं वर्कशॉप कुणी घेतलं नसणार, उघड आहे.) 'जहाज आलं, माणसं लवकर घाटावर पोचली पाहिजेत' हा सिनारिओ सहज वर जातो. 'जूनमध्ये मुदत संपलेल्याला जूनमध्येच जहाज' याला साहेबाच्या लेखी महत्त्व लो, अवघडपणा हाय. गेला तळाला. पण तोच सिनारिओ 'मुदत संपलेला माणूस १५ दिवसांहून जास्त रिकामा बसू नये' असा लिहिला तर? जहाजांना हात लावावा लागत नाही, जहाजाची तारीख येईपर्यंत त्याला रेजिमेंटमध्येच कामात ठेवलं की झालं. अवघडपणा माझ्या मते मिडियम. गरज तीच, फक्त मोजमाप बदललं.

पण असा सिनारिओ लिहिणार कोण? त्यासाठीच एटॅममध्ये दोन फेऱ्या आहेत. आधी आर्किटेक्ट आणि मॅनेजर मंडळी युटिलिटी ट्री बनवतात. नंतर वापरणाऱ्यांसकट सगळे मिळून सिनारिओ सुचवतात आणि मतं देतात. सिनारिओंच्या तीस टक्के मतं प्रत्येकाला, म्हणजे ४० असतील तर बारा. हवी तशी वाटा, सगळी एकावरच टाकली तरी चालतं. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. खरी गंमत तिथे कळते. आमच्याकडे पुष्कळदा वेळ नाही म्हणून दुसरी फेरीच गाळतात, आणि मला ते अजिबात पटत नाही.

मागे एका क्लायंटकडे (नाव नको) काउंटरवरच्या दोघींना मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांनी सुचवलेला सिनारिओ आमच्या झाडावर नव्हताच: महिनाअखेर, समोर रांग, लाईन तुटली, अर्धा भरलेला फॉर्म जिथल्या तिथे परत मिळायला हवा. त्याला सगळ्यात जास्त मतं पडली. सेशन कुठे साठवायचं ते डिझाइन त्याच आठवड्यात बदललं.