उन्हाचे कारागीर

वसई म्हटली की किल्ला आठवतो, चिमाजीअप्पा आठवतात, १७३९ साल आठवते. मला मात्र आज तुमच्याशी वसईच्या उन्हाविषयी बोलायचे आहे. ऊन हे या भागाचे जुने भांडवल. खाडीचे पाणी कोंडून मिठागरे पिकली ती उन्हावर, अर्नाळ्याला बोंबील सुकले ते उन्हावर, राजेळी केळ्यांची सुकेळी झाली तीही उन्हावरच. ऊन सर्वांना फुकट. पण ते कामाला लावणारा हात जाणता हवा.

उन्हावर यंत्र चालवण्याचा एक प्रयोगही आपल्यापासून फार दूर झाला नाही. मुंबई उच्च न्यायालयात उपनिबंधक असलेल्या विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रजाने कुलाब्याला सपाट आरसे मांडून ऊन बॉयलरवर एकवटले आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालवले. १८७८ साली त्याने याविषयी पुस्तकही लिहिले. प्रयोग साधला, पण त्यातून धंदा उभा राहिला नाही. ते यंत्र गावोगाव बसवणारा, बिघडले तर दुरुस्त करणारा कारागीर तयारच झाला नाही.

पुढे १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनची सौर विद्युतघटे जगाला दाखवली. आपल्याकडे २०१० साली राष्ट्रीय सौर मोहीम सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांच्या छपरांसाठी ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान तिने ठरवले. या योजनेतून सुमारे १७ लाख रोजगार निर्माण होतील, असा सरकारचा अंदाज होता. आकडा मोठा आहे; त्यातला किती वाटा आपल्या मुलांच्या हाती लागेल, हा माझा प्रश्न आहे.

१९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली आणि नोकरी म्हणजे चर्चगेटची लोकल हे समीकरण हळूहळू पक्के झाले. छपरावरचे काम मात्र गावातच राहते. वसईच्या गच्चीवर पॅनेल बसवायला माणूस वसईतच यावा लागतो.

काम वाटते तितके सोपे नाही. पॅनेल दक्षिणेला तोंड करून, सुमारे वीस अंशांच्या आत-बाहेर कलते ठेवायचे. शेजारच्या टाकीची सावली कोणत्या महिन्यात कुठवर येते, ते पाहायचे. आपल्या खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंड टिकत नाही, म्हणून सांगाडा जस्त चढवलेला हवा. पावसाळी वाऱ्याने तो उचलला जाऊ नये, म्हणून पाया पक्का हवा. पण बोल्ट मारताना गच्चीला गळतीही लागता कामा नये. शिवाय अर्थिंग, वीजरोधक, इन्व्हर्टर, नेट मीटर. आणि एक गोष्ट जुन्या वायरमननेही नव्याने शिकायची: मेन स्विच बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनेलकडून येणारी तार जिवंतच असते.

हे शिकण्याची सोय आहे. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन हा पाया उत्तम. २०१५ साली केंद्राने ‘सूर्यमित्र’ हा सुमारे तीन महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला, तो अशाच मुलांसाठी. प्रमाणपत्रासोबत वायरमनचा परवाना असेल तर मुलगा कुणाच्या हाताखालीच राहत नाही. पुढे स्वतःची ठेकेदारी करू शकतो.

पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय मला थांबता येणार नाही. पाणी तापवणारे सौरबंब आपण अनेक गच्च्यांवर पाहिले. क्षार साचून नळ्या बंद पडल्या, बसवणारा पुन्हा फिरकला नाही, आणि लोक म्हणू लागले, ‘सौरमध्ये काही दम नाही.’ दोष उन्हाचा नव्हता. म्हणून घरमालकांनी दर विचारण्याआधी विचारावे, तिसऱ्या पावसाळ्यानंतर तपासायला कोण येणार? तरुणांनी हेच काम आपले मानावे, कारण बसवणे एकदाच होते. धुणे, तपासणे, दुरुस्त करणे वर्षानुवर्षे चालते.

दुसरी गोष्ट जिवाची. चौथ्या मजल्याच्या पत्र्यावर सुरक्षापट्ट्याशिवाय मुलगा चढवून वाचवलेले पैसे ही बचत नव्हे. रोजीइतकाच पट्टा, हातमोजे आणि विमा हा त्याचा हक्क आहे. तो मागताना त्याने संकोच करू नये, आणि आपणही आपल्या गच्चीवर त्याला त्याशिवाय चढू देऊ नये.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)