निरोगी हृदयाचे वय

वृद्ध हृदयाविषयीचे ज्ञान दीर्घकाळ शवविच्छेदनातून येत असे. तेथे थांबलेले हृदय दिसे, त्याची गती नव्हे. १८९५ मध्ये शोध लागलेल्या क्ष-किरणांनी जिवंत हृदयाची छाया दाखवली. पण आतल्या भिंती व झडपा तीत उमटत नसत. त्यामुळे वार्धक्याचा परिणाम कोणता आणि व्याधीचा कोणता, हे ठरवणे कठीण होते.

ऑक्टोबर १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर व पदार्थवैज्ञानिक हेल्मुथ हर्ट्झ यांनी धातूंतील दोष शोधणारे उपकरण छातीवर ठेवले आणि श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिध्वनींतून हृदयाची हालचाल टिपली. तपासणी निरुपद्रवी असल्याने निरोगी माणसांचे हृदयही पाहता येऊ लागले. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १९५८ मध्ये सुरू झालेल्या वार्धक्यविषयक अभ्यासातील निरोगी पुरुषांच्या अशा तपासणीचे निष्कर्ष १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. वयानुसार डाव्या निलयाची, म्हणजे खालच्या कप्प्याची, भिंत जाड होते. विश्रांतीच्या वेळी रक्त बाहेर ढकलण्याचे सामर्थ्य मात्र टिकते. मंदावते ते सैलावून भरणे. ही उणीव वरचा कप्पा, अलिंद, अधिक रक्त ढकलून भरून काढते, हे पुढे डॉप्लर तपासणीने दाखवले; निलयाची पोकळी लहान होत जाते, हे एमआरआयने.

तिशीचे माप सत्तरीतील हृदयाला लावले, तर निरोगी वृद्ध रोगी ठरतो; सारेच वयावर ढकलले, तर खरा रोगी उपचारावाचून राहतो.