गवताचा दर

भाईंदरच्या खाडीपुलावरून आज विरार लोकल धडधडत जाते. १९४५ साली याच लोहमार्गाने डहाणूकडचे गवत मुंबईच्या तबेल्यांपर्यंत पोहोचत असे. त्या वेळी भाईंदर आणि डहाणू एकाच ठाणे जिल्ह्यात होते. पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये. म्हणून हा इतिहास आपल्याही दारातला.

ते गवत कापणारा वारली वेठीने राबे. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढले की नवराबायको दोघेही त्याचे 'लग्नगडी' होत, आणि ते कर्ज सहसा फिटत नसे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेला माह्या धांगडा आपल्या सोबत्यांसह गेले. २३ मे रोजी झरी गावी हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही, असे ठरले. त्यानंतरची मागणी होती पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये. यात क्रांती कुठे होती, हे मला अजून उमगलेले नाही.

वेठ न्याय्य आहे, असे जमीनदारांना उघडपणे म्हणता येत नव्हते. म्हणून त्यांनी विषयच बदलला. गोदावरी परुळेकरांनी तलवाड्याला बोलावले आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी आवई त्यांनी पाड्यापाड्यांतून उठवली. लोक हाती लागेल ते घेऊन धावले. इकडे पोलिसांना सांगण्यात आले की, दंगलखोर जमलेत. १० ऑक्टोबरला गोळीबार सुरू झाला आणि जेठ्या गांगडसह पाच जण ठार झाले. मजुरीचा प्रश्न एका रात्रीत सुव्यवस्थेचा प्रश्न झाला.

हे गोऱ्या सरकारच्या अमदानीत घडले, असे म्हणून सुटका होत नाही. १९४६ मध्ये खेर मंत्रिमंडळ आले. गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते. दर वाढवून मागणारा संप पुन्हा उभा राहिला, तेव्हा लोकनियुक्त सरकारनेही परुळेकर दांपत्याला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जिल्ह्यातून हद्दपार केले. गोदावरीबाई स्वतः कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजात तयार झालेल्या. सनदशीर मार्ग त्यांना कोणी शिकवायला नको होता. पुढे त्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो १९७२ साली.

जानेवारी १९४७ मध्ये नानिवलीला पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. स्वातंत्र्य तेव्हा सात महिन्यांवर होते.