वास्तूची खोली मोजणारे गणित

कामगारांच्या सभांत ज्यांचे आयुष्य गेले आणि वाचनालयाखेरीज ज्यांना दुसरे विद्यापीठ लाभले नाही, अशा आम्ही संगणकाने घरे वाचण्याच्या विद्येविषयी बोलावे, हे काहींना विपरीत वाटेल. पण चाळ पाडताना तिच्याबरोबर काय पडते याचा हिशेब आम्हांस हवा होता, आणि तो मांडण्याची रीत या विद्येत सापडली.

बिल हिलियर आणि ज्युलिएन हॅन्सन या लंडनच्या अभ्यासकांनी १९८४ साली ‘सोशल लॉजिक ऑफ स्पेस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातली कल्पना साधी आहे. रस्ता हा आरंभ धरावा. रस्त्यावरून पटांगण, तेथून जिना, जिन्यावरून पॅसेज, पॅसेजमधून राहती जागा. जितकी पावले, तितकी त्या जागेची खोली. (आपल्या भाषेत राहण्याच्या जागेलाही खोलीच म्हणतात, ही एक मौज!) जेथे एका दालनातूनच दुसऱ्यात जावे लागते, तेथे पहिल्या दारावरचा पहारेकरी साऱ्या घराचा धनी होतो. जेथे अनेक दारे एका पॅसेजवर उघडतात, तेथे माणसे न ठरवता भेटतात. रस्त्यावरची वर्दळही दुकानांच्या आधी रस्त्यांच्या परस्परजोडणीने ठरते, असे हिलियर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडले. पुढे अ‍ॅलस्डेर टर्नर यांच्या ‘डेप्थमॅप’ने कोठून किती दिसते हेही संगणकावर मोजता येऊ लागले. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकाचा मध्य लोक टाळतात, हे अशाच पाहणीत आढळले. चौकाचे नवे रूप २००३ साली खुले झाले, त्यात मधोमध रुंद जिना आला.

आता मुंबईकडे वळू. सरकारने १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी २०७. मजल्यावर वीस खोल्या, मधून पॅसेज, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. म्हणजे कोणत्याही बिऱ्हाडापासून उरलेली एकोणीस बिऱ्हाडे एका पॅसेजच्या अंतरावर! १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, तेव्हा गिरणगावातील चाळींच्या अशाच पॅसेजांनी आणि गॅलऱ्यांनी निरोप वाहिले. परंतु १९३०च्या सत्याग्रहात वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंगही झाला होता. नकाशा तोच, आकडे तेच. किल्ली मात्र दुसऱ्याच्या हाती. या विद्येचे भक्त हे विसरतात, असे आमचे मत आहे. भिंती भेटीची शक्यता देतात. संघटना देत नाहीत.

सार्वजनिक शौचालयासमोर रांगेत उभे राहण्याचे आम्हांस मुळीच प्रेम नाही. नव्या मनोऱ्यांत बिऱ्हाडास ५०० चौरस फूट मिळतात, ही रहिवाशांनी मिळवलेली गोष्ट आहे. पण वाटाघाटीच्या टेबलावर फुटांचाच भाव होतो. पॅसेज कोणाच्याच नावावर नसतो, म्हणून त्याचा मोबदला कोणी मागत नाही. वरळीतील काही चाळी पाडून तेथे मनोरे उभेही राहिले. उरलेल्या चाळींच्या समित्यांना आमचे सांगणे एवढेच, की करारावर सही करण्यापूर्वी जुना आणि नवा असे दोन्ही मजल्यांचे नकाशे शेजारी ठेवून दारे मोजून घ्या. त्यासाठी संगणक नसला तरी चालेल; पेन्सिल पुरते.